जू उतरवलेलं विमान

वैशाखात दुपारी तीनच्या सुमाराला धुळ्याची हवा एकदम थांबते. पंख्याखाली बसूनही मानेवरून घाम ओघळत राहतो, कुत्री गटारीच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि मग कुठूनशी एक झुळूक येऊन अंगणातला कागद पालथा करते. माझी बायको म्हणते, "चला, आता जरा बरं वाटेल." तोवर मी उठलेलो असतो. मागच्या दाराला वीट, पुढच्या दाराला कडी, खिडक्यांना आकडे, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर दगड. एवढं झाल्यावर शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी लागली आहे का, तेही मी वाकून बघतो. "तुम्ही एकदाच्या अख्ख्या गल्लीलाच फळ्या ठोका," असं बायको दर वर्षी म्हणते. म्हणू दे. उघडं राहिलेलं काहीतरी वाऱ्यानं आपटतंय, हा आवाज मला सहन होत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी होत नाही.

वाऱ्याची मला भीती नाही, चीड आहे. भीती निदान मोठ्या गोष्टीची वाटते. हा वारा कसला मोठा? हा रिकामटेकडा आहे. पावसाला काम असतं, उन्हालाही काम असतं. खानदेशातल्या वैशाखातल्या वाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या वस्तू हलवून बघण्यापलीकडे उद्योग नाही. शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उचलायच्या, कुणाच्या तरी ओट्यावर नेऊन टाकायच्या, दातांखाली धूळ सोडायची आणि निघून जायचं. मागे राहिलेलं आवरत बसायला आम्ही आहोतच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर मेकॅनिक होतो. मेकॅनिक, स्टोअरकीपर, आणि पाहुणे आले तर चहा करणाराही मीच. विमान उडवायला शिकवायचं एक लहानसं केंद्र होतं ते. एक कॅप्टनसाहेब, येऊनजाऊन असणारी चारदोन शिकाऊ मुलं, आणि एकच विमान. दोन माणसं बसतील एवढं, वयानं माझ्याहून मोठं. इंजिनाला मी नावं ठेवणार नाही. मनापासून चालायचं बिचारं. पण त्याला डोक्यावर छप्पर नव्हतं. शेडसाठी मी किती पत्रं टाइप करून घेतली याची गणती नाही. वरच्या ऑफिसातून दर वेळी उत्तर यायचं की शेड मंजूर आहे. मंजूर शेडखाली विमान ठेवता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यामुळे आमचं विमान बारा महिने उघड्या माळावर, जमिनीत ठोकलेल्या तीन खुंट्यांना दोरांनी बांधलेलं असायचं.

उभ्या विमानाला काय होणार, असं शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटतं. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारा एकेक पट्टा असतो. शेपटीला आडवे दोन आणि उभा एक. विमान वळतं, चढतं, उतरतं, ते या पाच पट्ट्यांच्या जोरावर. वर असताना चालवणाऱ्याचे हातपाय त्यांना धरून असतात. खाली उभं असताना त्यांना कुणीच धरत नाही. मग वारा मागून येतो, पट्टा उचलतो आणि आपटतो. पुन्हा उचलतो, पुन्हा आपटतो. बिजागरी ढिली होते, तारा सैल पडतात, पत्रा चिरतो. आणि हे सगळं विमान जागचं तसूभरही न हलता. आतला, चालवायचा दांडा खुर्चीच्या पट्ट्यानं बांधून ठेवला तरी पुरत नाही, कारण दांड्यापासून शेपटीपर्यंत जाते ती शेवटी तारच, आणि बाहेरून झटके बसत राहिले की तार ताणते.

वारा कमी पडला तर माणसं होतीच. रविवारी धुळ्याहून, आजूबाजूच्या गावांतून लोक सायकलींवर, बैलगाड्यांतून विमान बघायला यायचे. लांबून बघून कुणाचं समाधान झालंय? आलेला प्रत्येक माणूस शेपटीकडे जाणार, तो पट्टा धरणार आणि हापशाचा दांडा मारावा तसा वरखाली करून बघणार. "हलतंय रे!" असं ओरडून दुसऱ्याला बोलावणार. मग दुसरा हलवणार. मी ऑफिसच्या ओट्यावरून बोंब मारायचो, घसा बसायचा. एका गुरुजींनी तर वर्गच्या वर्ग आणला होता आणि सगळ्या पोरांना रांगेनं हलवायला लावलं होतं.

माझ्या पहिल्या वैशाखात वाऱ्यानं डाव्या पंखाचा पट्टा वाकवला. दुरुस्तीला दोन महिने गेले. वरून पत्र आलं, या वेळी मंजूर वगैरे शब्द नसलेलं. वाऱ्यानं पुन्हा असं नुकसान झालं तर विमान जिथे शेड आहे अशा ठिकाणी हलवण्यात येईल, एवढंच. कॅप्टनसाहेबांनी ते वाचून घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. ते फारसं बोलायचे नाहीत. "मेकॅनिक, याच्यावर काहीतरी कर," एवढंच म्हणाले.

मी केलं. धुळ्यातल्या एका सुताराकडून सागवानी फळ्यांच्या पाच जोड्या करून घेतल्या. एक फळी पट्ट्याच्या वरून, एक खालून, मध्ये लांब बोल्ट, आणि हातानं पिळायची चाकी. पत्र्याला चरे पडू नयेत म्हणून आतून घोंगडीचे तुकडे चिकटवले. फळी काढायला विसरून कुणी विमान उडवू नये म्हणून प्रत्येक जोडीला हातभर लाल फडकं बांधलं. चाकी पिळली की पट्टा पंखाला धरून गप्प बसायचा. पहिल्यांदा लावल्या त्या संध्याकाळी वारा होता, आणि मी ओट्यावर बसून कान देऊन ऐकत राहिलो. काहीही आपटत नव्हतं. त्या दिवशीइतका मी स्वतःवर खूश पुन्हा कधी झालो नाही.

राखणीला माणूस हवाच होता. शेजारच्या गावातले झिपरूआबा मिळाले. साठीचे, अंगानं काटक, डोक्याला मळकं पागोटं. उभा जन्म त्यांनी सालदारकी केलेली, म्हणजे एकेका शेतकऱ्याकडे आखाजी ते आखाजी असं वर्षभर बांधून घेऊन काम केलेलं. आमच्याकडेही ते पुढच्या वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशीच लागले. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो ती आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, सांजोऱ्या तळल्या जातात. आणि सालदाराचं साल त्याच दिवशी संपतं आणि त्याच दिवशी सुरू होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना फळ्या दाखवल्या. उड्डाण संपलं की लावायच्या, उड्डाणाआधी काढायच्या, चाकी अशी पिळायची. आबांनी एक फळी हातात घेऊन उलटीसुलटी केली, घोंगडीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हाई काय शे भाऊ? इमानले जू लावतस का?"

मी घाईत होतो. कार्बोरेटर उघडून पडला होता, हात तेलात होते. "हा आबा, जूच समजा," मी म्हणालो.

त्या एका वाक्याचा मला आजही इतका संताप येतो की काय सांगू. जूच समजा! चांगला जाणता माणूस समोर उभा राहून विचारत होता. दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण नाही. आम्ही मेकॅनिक. आम्हाला वाटतं, माणसाला कसं करायचं ते दाखवलं की झालं, का करायचं हे सांगायची गरज नाही.

आबांचं काम मात्र बघत राहावं असं. वर्षभरात एक चाकी सैल राहिली नाही. रविवारच्या गर्दीला ते मोठ्यानं काही बोलायचे नाहीत, नुसते शेपटीजवळ जाऊन बसायचे. माणसं आपोआप लांब उभी राहायची. फळ्यांना ते महिन्यातून एकदा अळशीचं तेल लावायचे. दोर भिजले तर सोडून, वाळवून पुन्हा बांधायचे. विमान आणि आबा यांच्यात मला न कळणारं काहीतरी जमलेलं होतं. सकाळी आल्यावर ते आधी विमानाच्या नाकावर हात ठेवायचे आणि मग मला रामराम करायचे.

त्याच वर्षी कॅप्टनसाहेबांनी मला शिकवायला घेतलं. शिकाऊ मुलं नसतील त्या सकाळी, दहापंधरा मिनिटं. मी पुस्तकात वाचलेलं, स्क्रूनं आवळलेलं, ग्रीस लावलेलं विमान त्या सकाळी मला पहिल्यांदा हातात जाणवलं. वरून पांझरा नदी उन्हाळ्यात किती बारीक दिसते ते मी तेव्हा पाहिलं. चैत्राच्या शेवटी एकदा उतरल्यावर साहेब म्हणाले, "आखाजीनंतर सोमवारी तू एकटा. मी खालून बघेन." मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं नाही. तोंडातून बाहेर पडलं तर काहीतरी बिनसेल, असं वाटलं. अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत काम केलेल्या माणसाचा मी मुलगा. माझ्या घराण्यात सायकलीहून उंच कुणी चढलेलं नव्हतं.

आखाजीला बायकोला न्यायला दर वर्षी मेहुणा यायचा. त्या वर्षी त्याला जमलं नाही, म्हणून तिला माहेरी, रावेरला पोहोचवायला मीच गेलो. निघायच्या आधी पाचही जोड्या स्वतःच्या हातानं आवळल्या, प्रत्येकीला धरून झटका दिला. काहीही हललं नाही. कॅप्टनसाहेब सुट्टीवर, ऑफिस बंद, आबा राखणीला. निर्धास्त होऊन मी एस.टी.त बसलो.

रावेरकडं सगळी केळीची माणसं. वैशाखातली दुपार त्यांच्यासाठी काय असते, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. आखाजीच्या दिवशी जेवताना सासऱ्यांचं लक्ष ताटात नव्हतं. आमरसाची वाटी तशीच ठेवून ते तीनदा उठून पश्चिमेचं आभाळ बघून आले. मी शहाणपणा केला. म्हणालो, "मामा, आमच्या विमानाचं बरं आहे. पाच जागी आवळून ठेवलंय. वारा दमेल पण काही हलायचं नाही." ते हसले. चार वाजता आभाळ मातीच्या रंगाचं झालं आणि वादळ आलं. पाऊस नाही, थेंब नाही, नुसता वारा. अर्ध्या तासात आवाज निवला तेव्हा आम्ही मळ्यात गेलो. घड लागलेली केळी एका अंगाला, रांगेनं आडवी पडली होती. खोडं मधोमध पिचली होती आणि त्यांतून पाणी गळत होतं. सासरे बांधावर उभे राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्या केळीचं वाईट वाटत नव्हतं, आपण फळ्या लावून आलो याचं समाधान वाटत होतं. ही गोष्ट मी त्यांच्या हयातीत त्यांना सांगू शकलो नाही.

"जावईबापू, तुम्ही काह्यले गुमसुम झाले?" तेच मला म्हणाले. "केयी पडल्या त्या आमच्या. चाला, च्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून मी जळगावला आलो, तिथून धुळ्याची एस.टी. एरंडोलपर्यंत मी खुशीत होतो. पुढे रस्त्यात बाभळी पडलेल्या दिसायला लागल्या, पत्रे उडालेले दिसले. तरीही मला काळजी नव्हती. सोमवार मोजत होतो मी.

धावपट्टीवर पोहोचलो तर ओट्यावर पोतं अंथरलेलं. त्यावर सागवानी फळ्या ओळीनं मांडलेल्या. धुतलेल्या, पुसलेल्या, तेल लावलेल्या. पाच वरच्या, पाच खालच्या. बोल्ट एका वाटीत, चाक्या दुसऱ्या वाटीत. लाल फडकी धुऊन, घड्या घालून त्यांच्या शेजारी. ऑफिसची किल्ली खिळ्याला.

मला आधी काही कळलंच नाही. मग तो आवाज ऐकू आला. वारा पडला होता, पण पूर्ण नव्हे. मधूनच एखादी झुळूक येत होती आणि माळावर काहीतरी आपटत होतं. थांबत होतं, आपटत होतं. मी पळत गेलो. तिन्ही दोर ताणलेले, गाठी पक्क्या. विमान आपल्या जागी, इंचभरही न सरकलेलं. उजव्या पंखाचा पट्टा बाहेरच्या बिजागरीतून निखळून लोंबत होता. शेपटीचा उभा पट्टा आपली हद्द मोडून इतका वळला होता की पत्रा फाटला होता. आडव्यातला एक चुरगळला होता. मी त्या लोंबणाऱ्या पट्ट्याला हातानं धरून उभा राहिलो. आता धरून काय उपयोग होता?

सायकल घेऊन मी आबांच्या गावी गेलो तो भांडायलाच. रागावलो की माझं शाळेतलं मराठी सुटतं आणि घरचं तोंडात येतं. निंबाखाली झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या, आबांची माहेरी आलेली लेक झोक्यावर होती. मी तिच्यादेखत आबांना नाही नाही ते बोललो. म्हातारपणी अक्कल गेली का, भांग घेतली होती का, माझं वाटोळं केलं. गाणं बंद झालं. झोका आपोआप थांबला. आबा खाटेवरून उठून उभे राहिले होते, आणि माझं संपेपर्यंत उभेच राहिले.

"इमान दावनले बांधेलच शे ना भाऊ?" त्यांनी शांतपणे विचारलं. "दोर नही सोडात मी. जू उतारं, धोयं, मोजीसन ठेवं. साल भरनं मनं."

सालदार साल संपल्यावर असंच करतो. बैल दावणीला बांधलेला ठेवायचा, पण जू, नाडे, सगळं अवजार उतरवून, स्वच्छ करून, मोजून मालकाच्या ओट्यावर मांडायचं, म्हणजे मागून कुणी बोल लावायला नको. आखाजीच्या सकाळी अंघोळ करून, बापाची घागर भरण्याआधी, त्यांनी ते माझ्या ओट्यावर मांडलं होतं.

"पन साल भरनं असं कोन सांगं तुम्हले?" मी ओरडलो.

"कोन्ही नही सांगं," आबा म्हणाले. "मालकले ठेवनं ऱ्हायनं तर तो आखाजीना आगोदर घर येस. औंदा ऱ्हाशी का, ईचारस. मी आखाजी लगून तुमनी वाट देखी. तुम्हीन ईचारंच नही."

मी मालक नव्हतो. माझ्याच नोकरीचा भरवसा नव्हता. पण ते आबांना कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडानं? आखाजीच्या आदल्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी जाताना ओट्याशी जरा घुटमळायचे. मला वाटायचं, विडी मागायची असेल. मी मान वर करून बघत नव्हतो.

आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. "वारासाठे शे, अशी एक डाव तरी सांगतात भाऊ," ते म्हणाले. "मंग साल भरनं तरी मी काढतूच नही." ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कडब्याच्या गंजींना वैशाखात दोर घातले, त्याला वारा काय असतो हे मी शिकवणार होतो थोडाच. फक्त त्याच्या कानावर घालायचं होतं.

अहवालात कारणाच्या रकान्यात मी 'वादळी वारा' असं लिहिलं. खोटं नव्हतं. आबांचं नाव लिहिलं नाही, आणि माझंही लिहिलं नाही. पहिल्याबद्दल लोक मला भला माणूस म्हणाले, म्हणून दुसरं इथं लिहून ठेवतो.

विमान न्यायला जूनच्या तोंडावर ट्रक आला. पंख सोडवून, पोत्यात गुंडाळून उभे केले. कॅप्टनसाहेबांनी जाताना खांद्यावर हात ठेवला. "मेकॅनिक, तिकडे ये. तिथे सोडतो तुला एकटा." मी गेलो नाही. कारणं होती, आज ती सांगायला बसलो तर माझी मलाच पटत नाहीत. पुढे शिरपूरला गिरणीत लागलो, तिथूनच निवृत्त झालो. मी एकट्यानं कधीच उडलो नाही. विमानाचा आवाज आला की वर बघायचंही मी बरीच वर्षं टाळलं.

ट्रकच्या दिवशी आबा न बोलावता आले होते. वाटेत हिसके बसतील म्हणून शेपटीच्या पट्ट्यांना फळ्या लावायच्या होत्या. मी पहिली जोडी उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः आवळली. तिन्ही जोड्या त्यांनीच लावल्या. ट्रक निघाला, वळला, धुळीत दिसेनासा झाला. माळावर तीन खुंट्या आणि आम्ही दोघं राहिलो. मला काय झालं कोण जाणे. राखायला काही उरलं नव्हतं, कुणाला ठेवून घ्यायचा मला अधिकार नव्हता, तरी मी विचारलं, "आबा, औंदा ऱ्हाशात का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"आते ईचारतस का भाऊ?" ते म्हणाले, आणि खाली बसून खुंटी उपटण्यासाठी हलवायला लागले. मीही बसलो आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.